उंबरठ्यावरचा बंधारा

नाल्याचे पाणी दुकानात किंवा घरात शिरून गेले, तलाठी पंचनामा करून गेले, चिखल उपसून झाला आणि भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तेवढी मागे राहिली, म्हणजे घरातील कर्ती माणसे त्या रेघेकडे पाहून एक प्रश्न हटकून विचारतात : पाणी गुडघाभरच तर होते, मग दारालाच काही आडवे लावून ते बाहेरच्या बाहेर थोपवता आले नसते काय?

ह्या प्रश्नाला गांभीर्याने उत्तर देण्याची पद्धत आपल्याकडे पडलेली नाही. पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धरणे, नदीकाठच्या संरक्षक भिंती आणि सरकारी मदतीच्या याद्या उभ्या राहतात. एका सामान्य इमारतीच्या मालकाला आपल्या कुवतीत, गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडून आणि सुताराकडून करवून घेता येईल असा एखादा उपाय असू शकतो, हे ध्यानात येत नाही. तसा उपाय आहे. दाराच्या दोन्ही बाजूंस कायमच्या खाचा बसवून ठेवाव्यात आणि पाऊस वाढू लागताच त्यांत फळ्या सरकवाव्यात, एवढेच त्याचे स्वरूप. मात्र तो कोणत्या पाण्यास लागू पडतो, कोणत्या इमारतीस चालतो आणि कोठे तो प्रत्यक्ष घातक ठरतो, हे समजून न घेता केला तर पैसा व्यर्थ जातो. क्वचित भिंतही जाते.

१. कोणते पाणी?

बुलढाणा जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाटले गेले आहे. उत्तरेकडील मुलखाचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते, तर दक्षिणेकडील मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ह्या भागांचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा ह्यांच्या वाटेने अखेर गोदावरीस जाते. मेहकर तालुक्यात कोराडी जलाशयाच्या परिसरात वसलेले हिवरा आश्रम हे गाव ह्या दक्षिण भागातले. शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे त्याचे नाव सर्वदूर झाले असून त्याच्या आश्रयाने शाळा, महाविद्यालय, वसतिगृहे, रुग्णालय अशा अनेक इमारती तेथे उभ्या राहिल्या आहेत. एका गावात इतक्या प्रकारच्या इमारती असल्यामुळे ह्या प्रकरणात उदाहरणादाखल मी वारंवार तेथेच येणार आहे.

ह्या प्रदेशातील पूर कृष्णाकाठच्या पुराहून स्वभावानेच निराळा असतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आले की इशारा मिळतो आणि ४५ फुटांवर धोक्याची पातळी गाठली जाते. पाणी चढताना लोक तासातासाला आकडे ऐकत असतात, आणि २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ते उतरण्यास कित्येक दिवस लागले. विदर्भातील लहान नाल्याचा पूर असा वर्दी देऊन येत नाही. २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत झालेल्या मुसळधार पावसाने नद्यानाले पाहता पाहता गावांत शिरले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी घुसले. असे पाणी काही तासांत येते आणि बहुधा काही तासांतच ओसरते.

महसूल खात्याच्या हिशेबात एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजली जाते. हवामान खाते ढगफुटी हा शब्द याहून फार कडक अर्थाने, म्हणजे तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस एखाद्या लहानशा टापूत पडला तरच, वापरते. त्याच्या निम्मा, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरून एक त्रैराशिक मांडू. १०० हेक्टरांच्या पाणलोटावर तासाभरात ५०,००० घनमीटर पाणी पडेल. त्यातील अर्धे जमिनीने घेतले असे मानले, तरी उरलेले २५,००० घनमीटर पाणी नाल्यास तासाभरात वाहून न्यावयाचे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७,००० लिटर. ज्या नाल्यात काठावरून कचरा लोटलेला आहे, ज्याच्या पात्रात कुणाचे कुंपण आले आहे आणि ज्याच्या मोरीचे नळ अर्धे गाळाने बुजले आहेत, त्याच्याने एवढे वाहवत नाही. सबब ते रस्त्यावर येते, रस्त्यावरून ओट्यावर आणि ओट्यावरून उंबरठ्यावर. खोली टाचेपासून मांडीपर्यंत आणि मुदत दोन-चार तासांची, अशा ह्या पाण्यासाठी फळीचा उपाय आहे. दहा फूट चढणाऱ्या महापुरासाठी तो नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथ २००५ साली आणि पुन्हा २०२१ साली ज्या पुराने भिजवले, त्या पुरापुढे दारातील फळीने काहीही साधले नसते. तेथे मौल्यवान वस्तू वरच्या मजल्यावर ठेवणे हाच उपाय.

२. पाणी किती जोराने ढकलते?

पाण्याचे वजन सर्वांस ठाऊक आहे : लिटरला एक किलो, घनमीटरला एक हजार किलो. परंतु उभे असलेले पाणी आडवेही ढकलते, आणि जितके खोल जावे तितका हा दाब वाढत जातो, हे सहसा लक्षात येत नाही. पृष्ठभागापाशी दाब शून्य असतो. तेथून ६० सेंटिमीटर खाली तो दर चौरस मीटरला ६०० किलो भरतो.

एक मीटर रुंदीच्या दारापुढे ६० सेंटिमीटर पाणी उभे आहे असे समजा. वर शून्य आणि तळाशी ६०० म्हणून सरासरी ३०० किलो; फळ्यांचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. म्हणजे एकूण जोर १८० किलो. ह्या उंचीत २० सेंटिमीटरांच्या तीन फळ्या एकावर एक बसवल्या, तर वरच्या फळीवर फक्त २० किलो, मधलीवर ६० आणि खालचीवर १०० किलो भार येईल. तिन्ही फळ्या दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांची कामे सारखी नाहीत. सर्वांत सरळ, निर्दोष आणि गाठ नसलेली फळी नेहमी तळाशी घालावी, ती ह्यामुळेच.

आता पाणी ६० च्या ऐवजी १२० सेंटिमीटर झाले तर? पाणी दुप्पट झाले म्हणून जोरही दुप्पट होईल, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात तो चौपट होतो : ७२० किलो. उलट ३० सेंटिमीटरांना तो अवघा ४५ किलो असतो. पायरीभर पाणी अडवणे आणि छातीभर पाणी अडवणे ही दोन निराळ्या जातीची कामे आहेत, हे ह्या तीन आकड्यांवरून ध्यानी यावे.

रुंदीचाही असाच प्रकार आहे. एक मीटरच्या दाराऐवजी तीन मीटरचे दुकानाचे शटर असेल, तर फळीला मधोमध वाकवणारा जोर तिप्पट होऊन थांबत नाही, तो नऊपट होतो. आणि तेवढ्यास टिकण्याकरिता फळीची जाडी तिप्पट करावी लागते. एवढी जाड फळी उचलणार कोण? म्हणून रुंद शटरांना मध्ये एक-दोन उभे, काढता-घालता येणारे खांब देतात आणि तीन मीटरचे एक काम एकेक मीटरच्या तीन कामांत वाटून टाकतात.

हा सारा हिशेब स्थिर पाण्याचा झाला. उतारावरच्या गल्लीतून सेकंदाला दोन मीटर वेगाने येणारे पाणी समोर आदळले, तर दर चौरस मीटरला आणखी सुमारे २०० किलोंची भर पडते. वाहत येणारे ओंडके निराळेच. नाल्याच्या ऐन तोंडावर असलेल्या इमारतीने केवळ फळीवर विसंबू नये.

३. कोल्हापुरी बंधाऱ्याने शिकवलेले

खाचेत फळ्या सरकवून पाणी अडवण्याची युक्ती आपल्याकडे परदेशातून यावयाची राहिलेली नाही. ज्याला शेतकरी कोल्हापुरी बंधारा किंवा नुसते केटी वेअर म्हणतात, तो विदर्भ-मराठवाड्यात ओढ्याओढ्यावर दिसतो. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब, त्या खांबांच्या अंगास उभ्या खाचा, आणि पावसाळा सरल्यावर त्या खाचांत टाकलेले लाकडी किंवा लोखंडी बरगे. ते टाकले की हिवाळी पिकांपुरते पाणी मागे साठते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी बरगे काढून घेतात आणि पुराला वाट मोकळी करून देतात. लाकडी बरग्यांच्या जुन्या पद्धतीत एकापुढे एक अशा दोन ओळी टाकून मधल्या पोकळीत चिकणमाती ठासत असत, आणि गळती त्या मातीने थांबे. कोल्हापूरच्या पंचगंगेवरील राजाराम बंधारा ह्याच जातीचा. त्यावरील पाण्याची उंची पाहूनच शहराला पुराचा इशारा मिळतो, ३९ फुटांवर सावधतेचा आणि ४३ फुटांवर धोक्याचा.

दारातील फळी म्हणजे हाच बंधारा लहान करून उंबरठ्यावर आणलेला. फरक आहे तो पंचांगाचा. बंधाऱ्याचे बरगे पावसाळा संपता घालावयाचे आणि मृगाआधी काढावयाचे; घराच्या फळ्या मृगाआधी तयार ठेवावयाच्या आणि हस्ताचा पाऊस पूर्ण गेल्यावर आत टाकावयाच्या. नागपूरचा पूर सप्टेंबरच्या उत्तरार्धात आला होता, हे विसरू नये.

बंधाऱ्याने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली आहे आणि ती कडू आहे. कित्येक बंधारे खांब धडधाकट असूनही वर्षानुवर्षे कोरडे राहतात, कारण बरगे चोरीस गेलेले असतात, गंजलेले असतात, किंवा ते वेळेवर टाकण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हेच ठरलेले नसते. बांधकाम पक्के आणि व्यवस्था कच्ची, ह्या दुखण्याने आपल्या मुलखातील किती चांगल्या गोष्टी वाया गेल्या! घराच्या फळीलाही तेच दुखणे जडू शकते.

४. फळी, खाच आणि वायसर

प्रथम उंची ठरवावी. मागच्या पुराची रेघ भिंतीवर असेल तर उत्तमच. नसेल तर शेजारच्या जुन्या माणसांना विचारून कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते ते निश्चित करावे. खूण दुसऱ्या घराच्या भिंतीवर असेल, तर गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणावी. तिच्यात पाणी भरून एक टोक त्या खुणेशी आणि दुसरे आपल्या दारापाशी धरले, की दोन्हीकडील पाणी एकाच पातळीत राहते आणि जुना पूर आपल्या उंबरठ्याहून किती वर होता ते बोटाने दाखवता येते. त्या उंचीत आणखी १५ सेंटिमीटरांची भर घालावी. बेरीज ६० सेंटिमीटरांच्या आत आली तर पुढे जावे. ती मर्यादा का, ते सहाव्या भागात येईल.

खाचेसाठी दाराच्या बाहेरच्या बाजूस, पक्क्या भिंतीत, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे चॅनल अँकर बोल्टांनी बसवावे. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला स्क्रू १८० किलोंच्या ओढीने निघून येतो. बोल्ट विटांच्या किंवा काँक्रीटच्या गाभ्यात गेला पाहिजे. चॅनल बाहेरून बसवण्याचे कारण असे की, त्या स्थितीत बाहेरचे पाणीच फळीला चॅनलच्या आतल्या पट्टीवर दाबून धरते. पाणी जितके चढेल तितकी फळी अधिक घट्ट बसते. शटरच्या दुकानाला मधल्या खांबासाठी जमिनीत लोखंडी नळीचे भोक करून त्यावर झाकण ठेवावे, म्हणजे एरवी पाय अडखळत नाही.

फळी सागाची चालते, पण ती महाग. शिवाय सुकी असताना आक्रसते आणि भिजल्यावर फुगते, म्हणून खाचेत तिला थोडी सैल जागा ठेवून वरून पाचर मारावी लागते. पाण्यात टिकणारे प्लायवूड स्वस्त पडते. १९ मिलिमीटरचे, एक मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच पान सुमारे आठ किलो भरते. एकटी गृहिणीसुद्धा ते उचलू शकते. परंतु ते तसेच लावले तर मध्यभागी फुगवटा येऊन खालून फट पडते, म्हणून त्याच्या पाठीस दोन आडवे लोखंडी अँगल जोडावेत आणि सर्व कडांना रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. कारखान्यात तयार होणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पोकळ फळ्या हलक्या, सरळ आणि टिकाऊ असतात, त्यांना रबर आधीच बसवलेले असते, आणि त्यांची किंमतही त्या मानाने चढी असते. रुग्णालय, औषधांचे भांडार, संगणकांची खोली ह्यांसाठी तो खर्च सार्थ आहे. किराणा दुकानाला गावातील वेल्डरने केलेले चॅनल आणि प्लायवूड पुरते.

खरे कौशल्य फळीत नाही. ते फटीत आहे. हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून पुन्हा एक हिशेब करू. एक मीटर रुंदीच्या फळीखाली केवळ एक मिलिमीटरची फट राहिली आणि बाहेर ६० सेंटिमीटर पाणी आहे, तर त्या फटीतून सेकंदाला सुमारे दोन लिटर, म्हणजे मिनिटाला १२० लिटर पाणी आत येईल. १५ लिटरची बादली साडेसात सेकंदांत भरेल. फळी लावूनही घर भरले, अशी तक्रार जेथे होते तेथे बहुधा हीच एक मिलिमीटर आडवी आलेली असते. उपाय साधा आहे. उंबरठ्यावर एकसंध, सपाट ग्रॅनाइटची किंवा कोट्याची पट्टी बसवावी. फळीच्या बुडाला आणि दोन्ही कडांना मऊ, पोकळ रबराची पट्टी वायसर म्हणून लावावी. आणि वरून पाचर किंवा बोल्ट आवळून ती पट्टी दाबली जाईल असे करावे. रबर दर दोन-तीन वर्षांनी तपासावे, कारण उन्हाने ते कडक होते. ऐन वेळी रबर फाटलेले आढळले, तर आपल्या आजोबांची चिकणमाती हाताशी आहेच. फळीच्या बाहेरून तळाशी तिचा जाड लेप द्यावा.

एवढे करूनही थेंब थेंब गळणारच. ब्रिटिश मानकसुद्धा अशा फळ्यांना थोडी गळती मान्य करते. म्हणून आत एक खोलगट जागा, एक लहान पंप, आणि वीज गेली तर बादल्या व पोतेरी, एवढी तजवीज ठेवावी. इंजिनावर चालणारा पंप किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही लावू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसे मारतो.

५. मागच्या वाटेने येणारे पाणी

पुढचे दार बंद केले म्हणजे घर बंद झाले, असे समजणारा मनुष्य हमखास फसतो. बाहेर पाण्याची पातळी वाढली की गटार भरते, आणि गटाराला जोडलेली न्हाणीघराची जाळी, मोरी व संडासाचे भांडे ह्यांतून तेच पाणी, अधिक घाण होऊन, घरात वर येते. सेप्टिक टँक नाल्याकडेला असेल तर हे फार लवकर घडते. बाहेर जाणाऱ्या मुख्य पाइपवर एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व बसवणे हा पक्का उपाय आहे. तो नसेल तर जाळीवर रबरी तबकडी व तिच्यावर रेतीचे पोते, आणि संडासाच्या भांड्यात कापडाचा बोळा घालून वर पोते, अशी तात्पुरती व्यवस्था करता येते.

भिंतीही पाणी पितात. साधी विटांची भिंत काही तासांनी पाझरू लागते; तडा असेल तर तत्काळ. फळीच्या उंचीहून वीतभर वरपर्यंत बाहेरून सिमेंटचा, जलरोधक मसाल्याचा गिलावा असावा, आणि वायरी, नळ, कूलरचे पाइप ज्या छिद्रांतून जातात ती बुजवलेली असावीत. काळ्या जमिनीच्या गावांत आणखी एक गोष्ट पाहावी. ही जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्या हालचालीने ओट्याच्या आणि भिंतीच्या सांध्यात चीर पडते, आणि पाणी फळीखालून न येता जोत्याखालून येते. पहिला पाऊस पडण्यापूर्वी हे सांधे सिमेंटाने भरून घ्यावेत.

६. कोठवर अडवावे?

ह्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. रिकामी घागर तोंड वर धरून विहिरीत दाबून पाहिली असेल, तर ती किती हट्टाने वर उसळते आणि तिची कड बुडून पाणी आत शिरताच कशी मुकाट्याने बसते, हे तुम्ही अनुभवले असेल. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आणि आतून कोरडी राखलेली इमारत त्या घागरीसारखी असते. बाहेरचे पाणी भिंतींना आत ढकलते, जमिनीतले पाणी फरशीला खालून वर उचलते, आणि आत प्रतिकाराला काहीच नसते. ज्या भिंती छपराचा भार खाली उतरवण्यासाठी बांधल्या, त्या असा आडवा रेटा फार वेळ सोसू शकत नाहीत.

म्हणूनच ब्रिटनमध्ये अभियंत्याने भिंती तपासल्याखेरीज घराच्या दारातील फळी ६० सेंटिमीटरांहून उंच ठेवू नये असा दंडक आहे, आणि अमेरिकेत साधारण तीन फूट ही अखेरची मर्यादा मानतात. आपल्याकडे साडेचार इंची विटांच्या भिंती सर्रास असतात. त्यांच्या बाबतीत ६० सेंटिमीटरसुद्धा मी जास्तच समजेन. पाणी फळीच्या माथ्यावरून येऊ लागले तर तिच्यावर आणखी फळी चढवू नये. ते आत येऊ द्यावे. त्याने सामान भिजेल, पण भिंत उभी राहील.

आणि मातीच्या घरांना तर फळी लावूच नये. वऱ्हाडातील धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हापासून उत्तम रक्षण करतात, परंतु पाण्यात उभ्या राहिल्या की बुडाशी विरघळू लागतात. दारातील फळीमुळे आतल्या माणसांना जमीन कोरडी दिसते, ती निर्धास्त होतात, आणि भिंत बाहेरून खचत असते. अशा घरातील माणसांनी पाणी ओट्याला लागताच घर सोडून शाळेत, समाजमंदिरात किंवा उंचावरच्या पक्क्या इमारतीत जावे. धान्याच्या कोठ्या, कागदपत्रांची पेटी आणि बियाणे आधीच माळ्यावर चढवलेले असावे. सातबाऱ्याचा उतारा पुन्हा मिळतो. माणूस मिळत नाही.

७. पोती आणि इतर देशांचे दाखले

ज्यांना फळ्याही परवडत नाहीत त्यांच्यासाठी पोती आहेत. खताची किंवा सिमेंटची रिकामी गोणी रेतीने वा बारीक मुरमाने अर्ध्याहून थोडी अधिक भरावी. गच्च भरलेली गोणी दगडासारखी होते आणि शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही. पोती विटांप्रमाणे सांधे चुकवून रचावीत, पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक अंथरावे, आणि बांधाच्या पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट ठेवावी. येथेच पोत्यांची उणीव दिसते : ६० सेंटिमीटर उंचीसाठी जवळजवळ दोन मीटर रुंद रचना करावयाची, ती भर पावसात, आणि मागाहून गटाराच्या पाण्याने घाण झालेली ती रेती टाकावयाची. पोती हे आणीबाणीचे साधन आहे. दरवर्षी पाणी येणाऱ्या दाराला ते शोभत नाही.

फळ्यांची पद्धत जगात जुनी आणि रुळलेली आहे. व्हेनिसच्या दुकानांच्या दाराला खाचा असतात आणि भरतीचा भोंगा वाजला की दुकानदार त्यांत पत्रा सरकवतो. समुद्राच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे २०२० साली प्रथम कामास आल्यावरही ती सवय पुष्कळांनी सोडलेली नाही. टोकियोत भुयारी रेल्वेच्या जिन्यांपाशी फळ्या उभ्या करून ठेवलेल्या दिसतात. जर्मनीतील कोलोन शहराने १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर ऱ्हाइनच्या काठी काढता-घालता येणाऱ्या भिंतींची मोठी योजना केली. ऑस्ट्रियातील ग्राइन हे डॅन्यूबकाठचे लहानसे गाव २०१३ च्या महापुरात अशाच भिंतीमागे कोरडे राहिले. परंतु कोलोन आणि ग्राइन येथील फळ्यांखाली जमिनीत खोल काँक्रीटचा पाया आहे, हे त्यांची छायाचित्रे पाहून भारावणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

उलट दाखलाही आपल्या घरचाच आहे. २६ मे २०२५ रोजी मुंबईतील आचार्य अत्रे चौक ह्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले, ते बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गावरील तात्पुरती पाणीरोधक भिंत कोसळल्यामुळे. ज्या शहराने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, तेथेही तात्पुरत्या अडसराचा हिशेब चुकू शकतो. अडसर तात्पुरता असला तरी पाण्याचा रेटा तात्पुरता नसतो.

८. फळी कोणी लावावयाची?

हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी हा प्रश्न सर्वांत कळीचा. घरात माणूस असतो. शाळेला सुट्टी असते. वसतिगृहाच्या तळमजल्यावर मुले झोपलेली असतात आणि भांडाराची किल्ली दुसऱ्याच कोणाकडे असते. नाल्याचा पूर अर्धा तासही देईलच असे नाही, आणि फळ्या इमारतीच्या मागील गुदामात, तुटक्या बाकांखाली ठेवलेल्या असतील तर त्या नसल्यातच जमा. म्हणून फळ्या ज्या दाराच्या त्याच दाराशेजारी, आतल्या भिंतीला टांगलेल्या असाव्यात. प्रत्येकीवर दाराचा आणि फळीचा क्रमांक रंगाने घातलेला असावा. पाचरा आणि पाना तेथेच दोरीने बांधलेला असावा. रात्रीच्या पहारेकऱ्यासह निदान तिघांना काम सोपवलेले असावे आणि त्यांची नावे दप्तरी नोंदलेली असावीत.

ह्या गावाला नियोजन शिकवावे लागणार नाही. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात शेतात बसलेल्या अफाट पंगतीला ट्रॅक्टरमधून पुरी-भाजीचा प्रसाद वाढला जातो. त्या वेळी कोणी कोठे उभे राहावयाचे हे प्रत्येक स्वयंसेवकाला माहीत असते. तीच शिस्त जूनच्या आरंभी एका सकाळी दारांच्या फळ्यांकडे वळवली, आणि सर्व दारे बंद होण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहिले, की त्रुटी आपोआप उघड होतील. एखादी फळी फुगून बसणार नाही, एखाद्या चॅनलमध्ये गवंड्याने सिमेंट सांडलेले निघेल. त्या चुका जूनमध्ये सापडाव्यात, जुलैमध्ये नव्हे.

फळी लावलेल्या दारातून माणसाला बाहेर पडता आले पाहिजे. ६० सेंटिमीटरांची फळी तरुण ओलांडतो, म्हाताऱ्या आजींना ती डोंगर होते; म्हणून आतून एक स्टूल आणि बाहेर जाण्याची दुसरी, उंचावरची वाट असावी. आजारी माणसे आणि लहान मुले फळी लावण्याच्या आधी हलवावीत. मुख्य स्विच बंद करावा, आणि तो पुराच्या रेघेहून वर बसवून घेण्यासाठी पावसाळ्याची वाट पाहू नये.

शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. एका घराने दारात फळी लावल्याने गल्लीतल्या पाण्याची पातळी मोजण्याइतकीसुद्धा वाढत नाही. पण कोणी अंगणापुढे, रस्त्याला आडवी भिंत घातली, तर पाणी वळून समोरच्याच्या घरात जाते आणि भांडण तहसीलापर्यंत पोहोचते. दुकानांच्या ओळीने एकत्र येऊन एकाच मापाचे चॅनल करवून घेतले तर खर्च उतरतो आणि ऐन वेळी एकाची फळी दुसऱ्याच्या कामी येते. त्याच बैठकीत ग्रामपंचायतीकडे नाल्याचा गाळ आणि मोरीचे नळ मेअखेर साफ करण्याचा अर्ज द्यावा, आणि पात्रातील आपापली अतिक्रमणे आपणच काढावीत.

वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे की, येत्या मृगाची वाट न पाहता ह्याच आठवड्यात आपल्या दारापाशी लेव्हलची नळी धरावी आणि जुन्या पुराची रेघ उंबरठ्याहून किती वर आहे ते मोजावे. त्या मापात १५ सेंटिमीटर मिळवून बेरीज ६० सेंटिमीटरांहून अधिक आली तर फळीचा विचार सोडून माळा बांधण्यास सुतार बोलवावा. कमी आली तर वेल्डरकडे जावे.